संध्याकाळची फेरी: अमेरिकी उपनगरातली घरे आणि सणांची रोषणाई

पायवाट (9 नोव्हेंबर)

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली की आमच्या न्यू जर्सीतल्या उपनगरात पाच वाजताच अंधारून येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत माझी संध्याकाळची खरी फेरी सुरू होते. उन्हाळ्यातही मी याच रस्त्यांनी चालतो, परंतु तेव्हा लक्ष झाडांकडे आणि माणसांकडे असते. घरे तिथे आहेत, एवढीच त्यांची नोंद मनात होते. दिवाळीच्या सुमारास दोन-चार दारांसमोर पणत्या आणि आकाशकंदील दिसतात, हॅलोविनचे भोपळे तोवर वाळू लागलेले असतात, आणि थँक्सगिव्हिंग उलटले की एकेका घरावर दिव्यांच्या माळा चढू लागतात. या दोन महिन्यांत मी घरे वाचायला शिकलो, आणि तेच सांगण्यासाठी हा धागा काढतो आहे.

आमच्या कोपऱ्यावर एक बैठे, लांबट घर आहे. तीन वर्षे मी त्याच्यावरून रोज जात होतो, तरी त्याचे छप्पर कसे आहे असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. एका डिसेंबरमध्ये घरमालकाने पन्हळीच्या कडेने मोठ्या दिव्यांची एकच सरळ माळ लावली, आणि अंधारात मला पहिल्यांदा दिसले की ती रेघ उजवीकडे एका जागी वीतभर खाली उतरते. म्हणजे त्या जागेपासून पुढचा भाग मूळ घराचा नव्हता. दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन पाहिले, तर खाली उतरलेल्या भागाची खिडकी इतर खिडक्यांहून रुंद होती आणि तिच्या समोरच्या हिरवळीत जुन्या गाडीवाटेचा सिमेंटचा पट्टा अजून शिल्लक होता. तिथे पूर्वी गॅरेज होते आणि पुढे कधीतरी त्याची खोली झाली होती. तीन वर्षे दिवसाच्या उजेडाने जे दाखवले नाही, ते त्या माळेने एका संध्याकाळी दाखवले.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की रोषणाई मालकाच्या हौसेइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, घराच्या बांधणीवर अवलंबून असते. बैठ्या रँच घराची वळचण घडीच्या शिडीवरून हाताला लागते, म्हणून तिथे जाड दिव्यांची अखंड रेघ दिसते. दुमजली कलोनियल, म्हणजे वसाहतकालीन धाटणीच्या, घराचे छप्पर उंच असते, परंतु त्याचा दर्शनी भाग तोललेला असतो: मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, वरच्या मजल्यावर बहुधा पाच. अशा घरात प्रत्येक खिडकीच्या तळाशी एकेक विजेची मेणबत्ती ठेवली आणि दारावर एक रीथ, म्हणजे पानांचे गोल कडे, टांगले की काम पूर्ण होते, कारण उरलेली शोभा त्या मांडणीतच असते. दीड मजली केप कॉड घराचे छप्पर उभट आणि भिंत बुटकी असते, म्हणून तिथे त्रिकोणाच्या दोन उतरत्या कडाच उजळतात आणि घर लहान मुलाच्या चित्रातल्यासारखे दिसू लागते. ज्यांना ओसरी आहे, ते ओसरीच सजवतात. बाकीच्या घराकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि त्याची गरजही भासत नाही.

आपल्यापैकी जे अशा फेऱ्या मारतात त्यांनी आपापल्या रस्त्यांवर काय पाहिले, हे मला मनापासून वाचायचे आहे.

वळचण (10 नोव्हेंबर)

पायवाट, गॅरेजची खोली झाल्याचे तुम्ही ज्या रीतीने ओळखले ते वाचून फार समाधान वाटले, कारण मी व्यवसायाने घरांच्या दुरुस्तीचे आराखडे काढते आणि हीच खूण आम्हीही शोधत असतो. चालणाऱ्यांसाठी आणखी दोन खुणा सांगते.

पहिली खूण खिडक्यांच्या झडपांची आहे. कलोनियल धाटणीच्या घरांना खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडी झडपा असतात. प्रत्येक झडपेची रुंदी खिडकीच्या निम्मी आहे का, हे नजरेने मापून पाहा. त्याहून कमी असेल, तर त्या झडपा मिटल्या तरी खिडकी झाकली जाणार नाही, म्हणजे त्या भिंतीवर केवळ शोभेसाठी ठोकलेल्या आहेत. 1876 च्या फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनानंतर जुन्या वसाहतकालीन घरांची ओढ वाढली आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या. झडपांचा उपयोग संपला, रूप मात्र राहिले.

दुसरी खूण क्राफ्ट्समन बंगलोची आहे. त्याच्या रुंद वळचणीखाली वाशांची टोके मुद्दाम उघडी ठेवलेली असतात आणि ओसरीचे खांब खाली जाड, वर निमुळते असतात. वळचणीवर माळ लावली की तिचा प्रकाश वाशांच्या टोकांवर पडतो आणि त्यांच्या सावल्यांची एक झालर भिंतीवर उमटते. या धाटणीच्या घरावर रंगीत दिव्यांपेक्षा साधे पिवळसर दिवे लावावेत असे मला वाटते, कारण लाकडाचा रंग त्यातच उठून दिसतो. हा बंगलो शब्द आपल्या ‘बंगला’चाच भाऊ आहे. मूळ अर्थ बंगाली धाटणीचे बैठे घर. इंग्रजांनी तो उचलला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो कॅलिफोर्नियापासून शिकागोपर्यंत पोचला. त्या काळी सीअर्स कंपनी 1908 ते 1940 या काळात छापील सूचिपत्रातून संपूर्ण घरेही विकत असे. मोजून कापलेले लाकूड, खिळे आणि रंग रेल्वेच्या डब्यातून येत आणि घरमालक ते जागेवर उभारून घेत. अशी अंदाजे 70,000 ते 75,000 घरे विकली गेली, त्यांपैकी अनेक बंगलो धाटणीची होती, आणि जुन्या उपनगरांत त्यातली कित्येक अजून उभी आहेत.

तुम्ही ओसरीविषयी एका वाक्यात लिहून पुढे गेलात, परंतु मला वाटते खरा विषय तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरांत बसण्याची जागा मागच्या अंगणाकडे गेली, दूरचित्रवाणी आणि वातानुकूलन यांनी माणसांना आत ओढले, आणि पुढच्या बाजूला गॅरेजचे दार आले. काही घरांत तर गॅरेज इतके पुढे येते की मुख्य दार रस्त्यावरून दिसतही नाही. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराने 1999 मध्ये अशा नव्या घरांवर नियमाने बंधने घातली. रस्त्याकडे तोंड असण्याचा घराचा जो जुना गुण होता, तो वर्षातले दोन महिने सजावटीमुळे परत येतो. ज्या घरात कोण राहते हे मला अकरा महिने कळत नाही, त्याच घरातली माणसे ऑक्टोबरमध्ये पायऱ्यांवर भोपळे मांडताना भेटतात.

दीपस्तंभ (14 नोव्हेंबर)

या विषयात दिव्यांची यंत्रणाही यायला हवी, म्हणून लिहितो.

ख्रिसमसच्या झाडावरचे विजेचे दिवे पहिल्यांदा 22 डिसेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कमध्ये लागले. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे असे 80 दिवे गुंफले होते. ते घराच्या आतले झाड होते. वळचणीवर माळा चढण्यासाठी घराघरांत वीज, स्वस्त तारा आणि पावसात टिकणारे दिवे यावे लागले, आणि त्याला पुढची कित्येक दशके गेली.

फेरीत कधी कधी एखाद्या झुडपावरची माळ अर्धी पेटलेली आणि अर्धी अंधारात दिसते. तिचे कारण असे आहे. जुन्या धाटणीच्या लहान दिव्यांच्या माळेत सुमारे अडीच व्होल्टचे 50 दिवे एकामागून एक जोडलेले असतात, म्हणजे त्यांची बेरीज घरातल्या 120 व्होल्टच्या आसपास येते. शंभर दिव्यांची माळ ही अशा दोन साखळ्यांची असते, म्हणून बिघाड झाला तर निम्मीच विझते. दिव्याची तार तुटली, तरी त्याच्या बुडाशी एक बारीक पर्यायी तार असते. तिच्यावरचा रोधक थर वाढलेल्या विद्युतदाबाने फुटतो आणि प्रवाह पुढे चालू राहतो. मात्र दिवा खोबणीतून निसटला असेल, तर ही सोय उपयोगी पडत नाही आणि साखळी तिथेच थांबते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जितके दिवे जातात, तितका उरलेल्यांवर दाब वाढतो आणि तेही लवकर जातात. म्हणून एक विझलेला दिवा त्याच दिवशी बदलावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पायवाट यांनी ज्या जाड दिव्यांचा उल्लेख केला, ते सी-नाइन नावाने मिळतात. त्यातला तापणारा दिवा सुमारे 7 वॉटचा असे, म्हणजे 25 दिव्यांची एक माळ 175 वॉट खात असे. आताचा एलईडी दिवा एका वॉटहून कमी घेतो. फरक चालताना डोळ्यांनाही जाणवतो: जुने दिवे तापत, त्यांच्यावरचा बर्फ वितळे आणि काचेवर ओल चमके; नव्या दिव्यांवर बर्फ तसाच बसून राहतो आणि आतून उजळलेला दिसतो. मला दोन्ही आवडतात.

शुक्रतारा (2 डिसेंबर)

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलममध्ये राहते. इथल्या फेरीत वळचणीपेक्षा ओसरीचे छत पाहावे लागते, कारण ख्रिसमसपूर्वीच्या आगमनपर्वाच्या पहिल्या रविवारपासून घरोघरी ओसरीच्या मधोमध एक टोकदार पांढरा तारा टांगला जातो. त्याला मोरेव्हियन तारा म्हणतात. 1830 च्या दशकात जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये, नीस्की गावातल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या एका शाळेत मुलांना भूमिती शिकवण्यासाठी तो तयार झाला. नेहमीच्या ताऱ्याला 26 टोके असतात आणि आत एकच दिवा असतो. तो कागदाचा पाहिला तेव्हा मी पदपथावरच थांबले, कारण बांबूच्या कामट्या सोडल्या तर तो आकाशकंदीलच होता: तीच जागा, तोच आतून झिरपणारा प्रकाश आणि वाऱ्याने तेच मंद हेलकावे. सहा जानेवारीपर्यंत तो राहतो.

दक्षिणेकडे, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या किनाऱ्यावर गेलात, तर ओसरीचे छत फिकट निळे रंगवलेले दिसेल. तिथल्या गला-गीची या आफ्रिकी वंशाच्या समाजात हा रंग भुताखेतांना दूर ठेवतो असे मानत आले आहेत. तारा नसतानाही ते छत संध्याकाळी आकाशाचा तुकडा वाटते.

रातवा (6 डिसेंबर)

सर्वांचे लेखन प्रेमाने वाचले, तरी एक हरकत नोंदवतो. मी दुर्बिणीतून आकाश पाहतो, आणि डिसेंबर हा आमच्यासाठी मृगनक्षत्राचा महिना असूनही उपनगरात सर्वांत कठीण जातो. ही केवळ माझी भावना नव्हे. नासाच्या सुओमी एनपीपी उपग्रहाच्या निरीक्षणांतून 2014 मध्ये दिसून आले की अमेरिकेतल्या अनेक मोठ्या शहरांभोवतीचा रात्रीचा उजेड ख्रिसमस आणि नववर्षाच्या काळात 20 ते 50 टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढ शहरांच्या मध्यभागापेक्षा उपनगरांत अधिक असते. वळचणीवरची पिवळी रेघ मला खुपत नाही. त्रास होतो तो जमिनीत रोवलेल्या झोतांचा, जे भिंतीवर थोडे आणि आकाशात पुष्कळ प्रकाश टाकतात, आणि त्या हिरव्या-तांबड्या ठिपक्यांच्या लेझरचा, जे घराचा आकारच पुसून टाकतात. रोषणाई घर दाखवते, असे पायवाट म्हणतात. मग जी रोषणाई घर लपवते, तिच्याबद्दल त्यांचे काय म्हणणे आहे?

पायवाट (7 डिसेंबर)

रातवा, ठिपक्यांच्या लेझरबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. ते वीट, लाकूड, दार आणि झुडूप यांच्यात भेद करत नाहीत, आणि पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. झोताबद्दल मात्र थोडा फरक करतो. आमच्याकडे एका जुन्या व्हिक्टोरियन घराच्या त्रिकोणात लाकडी नक्षीची जाळी आहे. वाफेवर चालणाऱ्या करवतींमुळे एकोणिसाव्या शतकात असे काम स्वस्त झाले होते. मालकांनी एकच लहान दिवा छपराखाली, जाळीकडे वळवून लावला आहे. प्रकाश वळचणीतच अडतो, आकाशात जात नाही, आणि ती जाळी भिंतीवर दुप्पट मोठी होऊन पडते. दिवा कुठे वळवला आहे, यावर सारे अवलंबून आहे. आणि दहा वाजता माळा आपोआप विझतील अशी वेळ लावून ठेवावी, ही विनंती मी आमच्या गल्लीत दोघांना केली. दोघांनीही ती लगेच मानली.

हवेने फुगणाऱ्या बाहुल्यांबद्दल कोणी लिहिले नाही. त्यांचे कापड शिवणीतून सतत हवा सोडते आणि आतला पंखा ती सतत भरत राहतो, म्हणून पंखा बंद केला की दिवसा त्या हिरवळीवर निपचित पडलेल्या दिसतात. पूर्वी मला ते दृश्य नकोसे वाटे. आता आमच्या शेजारची चार वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी पाच वाजता खिडकीशी उभी राहून हिमपुतळा उठण्याची वाट पाहते, आणि मीही माझी फेरी त्या वेळेला गाठतो.

नवखा (9 डिसेंबर)

मला एक संकोच विचारायचा आहे. मी या देशात येऊन आठ महिने झाले. अंधारात दुसऱ्याच्या घराकडे थांबून पाहणे योग्य दिसते का? एकदा एका घरातून पडदा बाजूला झाला आणि मी झपाट्याने पुढे निघालो. त्यानंतर त्या रस्त्याने गेलो नाही.

वळचण (9 डिसेंबर)

नवखा, तुमचा संकोच मला समजतो, कारण मीही तो अनेक वर्षे बाळगला आहे, आणि तो निराधार आहे असे मी म्हणणार नाही. या उपनगरांचा इतिहास सर्वांना सामावणारा नव्हता. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमध्ये 1947 ते 1951 या काळात 17,447 घरे बांधली गेली, आणि तिथल्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसांना राहण्यास मनाई करणारे कलम होते. आपण ज्या पदपथावरून चालतो, त्याच्यामागे हेही आहे.

तरीही त्या रस्त्याने पुन्हा जा, असेच मी सांगेन. पदपथ सार्वजनिक आहे. हिरवळीवर पाऊल ठेवू नये, उजळ कपडे घालावेत, खिडकीच्या आत न पाहता खिडकीवरची सजावट पाहावी, छायाचित्र काढायचे असेल तर विचारावे, आणि कोणी दिसले तर हात उंचावून दिवे सुंदर आहेत असे मोठ्याने म्हणावे. दिवे रस्त्याकडे तोंड करून लावले जातात, ते रस्त्यावरच्या माणसासाठीच. ज्यू घरांत हनुका या सणाची आठ दिव्यांची समई खिडकीत ठेवतात, आणि त्यामागचा धार्मिक हेतूच असा आहे की सणामागच्या चमत्काराची वार्ता बाहेरून जाणाऱ्याला कळावी. हॅलोविनला दाराचा दिवा चालू ठेवणे म्हणजे मुलांनी यावे, असा संकेत असतो. 2014 पासून काही पायऱ्यांवर निळसर-हिरवा भोपळाही दिसतो. ज्या मुलांना खाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी या घरी खाऊऐवजी खेळणे आहे, असा त्याचा अर्थ होतो. ही सगळी तुमच्याशी बोलण्याचीच साधने आहेत.

देवदार (18 डिसेंबर)

मी कॅलिफोर्नियातल्या आल्टाडीनाजवळ राहतो. इथल्या सांता रोझा ॲव्हेन्यूवर दुतर्फा देवदारांची रांग आहे, आणि 1920 पासून ख्रिसमसला तिच्यावर दिवे लागतात. मूळचे हिमालयातले हे वृक्ष इथे 1880 च्या दशकात लावले गेले. घरांची रोषणाई छपराची रेघ ओढते, तर इथे फांद्यांचे उतार उजळतात, आणि त्यांच्याखालून चालताना दोन्ही बाजूंची घरे जणू मागे सरकतात. जानेवारी 2025 च्या ईटन वणव्यात आमच्या भागातली हजारो बांधकामे जळाली. देवदार मात्र बहुतेक वाचले. माझ्या फेरीतली निम्मी घरे आता नाहीत. काही ठिकाणी फक्त विटांचे धुराडे उभे आहे. एका रिकाम्या जागेवर, जिथे पायऱ्या तेवढ्या उरल्या आहेत, त्या पायऱ्यांच्या कठड्याला कोणीतरी रीथ बांधले आहे. तिथे घर कसे होते हे मला पायवाट यांच्यामुळे आठवता आले: बंगलो होता, खांब खाली जाड होते, आणि माळ ओसरीच्या कडेने जात असे.

नवखा (27 डिसेंबर)

त्या रस्त्याने पुन्हा गेलो. पडद्यामागे एक वृद्ध बाई होत्या. त्यांनी दार उघडले आणि विचारले की उजवीकडची माळ रस्त्यावरून सरळ दिसते का, कारण त्यांना आतून ते कळत नाही. मधल्या एका जागी ती थोडी खाली आली होती. मी तसे सांगितले, आणि मग आम्ही दोघांनी मिळून ती पन्हळीला पुन्हा अडकवली. त्यांचे घर रँच आहे. शिडीची तिसरी पायरी पुरली.

पायवाट (8 जानेवारी)

नवखा, तुमचा प्रतिसाद मी घरात सर्वांना वाचून दाखवला.

आमच्याकडे आता बहुतेक माळा उतरल्या आहेत. काल सायंकाळी फेरीला गेलो तेव्हा कोपऱ्यावरचे घर अंधारात होते, परंतु पन्हळीवरचे प्लॅस्टिकचे चाप मालकाने तसेच ठेवले आहेत, आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ते एकेक करून मोजता येत होते. डावीकडून एकतीस चाप एका रेषेत आहेत. बत्तिसावा वीतभर खाली आहे.